खुर्ची धरणारे हात : ‘राजा लिअर’मधली बिनानावाची माणसं

(युवा अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘अभिजात नाटकातली दुय्यम पात्रं’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नाट्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. म्हणून विषय जरा आवळून घेतो. एकच नाटक घेतो, शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’. त्यातला मुख्यतः एकच प्रवेश घेतो, तिसऱ्या अंकातला सातवा. आणि त्या प्रवेशातला एक नोकर. त्याला नाव नाही. छापील संहितेत त्याच्या वाक्यांपुढे फक्त ‘नोकर’ एवढंच असतं. तो चार वेळा बोलतो, सगळ्या मिळून आठ-नऊ ओळी होतात, आणि मरतो. नाटक पाहून घरी जाताना लोक म्हाताऱ्या राजाबद्दल बोलतात, त्याच्या मुलींबद्दल बोलतात, वादळाबद्दल बोलतात. या नोकराचा विषय क्वचितच निघतो. आज तो काढू या.

नाटक परकं वाटू नये म्हणून आधी त्याच्या जवळच्या ओळखी सांगतो. विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ या नावाने त्याचा मराठी अनुवाद केला आहे. मी स्वतः हे नाटक पहिल्यांदा त्या अनुवादातच वाचलं, इंग्रजीकडे नंतर वळलो. ज्यांना चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी जड जातं त्यांनी बिनधास्त तिथून सुरुवात करावी. कुसुमाग्रजांचं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं आणि डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले, त्या अप्पांच्या मागे लिअरचीच सावली आहे. आणि ज्यांच्या घरात उर्दू आहे त्यांच्यासाठी : आगा हश्र काश्मिरी यांचं पारशी रंगभूमीवरचं ‘सफेद खून’ म्हणजे लिअरचंच उर्दू रूप. असा हा म्हातारा राजा आपल्या दोन्ही भाषांत राहून गेलेला आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. ब्रिटनचा म्हातारा राजा लिअर राज्य तीन मुलींमध्ये वाटायला निघतो. वाटणीआधी तो प्रत्येकीला विचारतो, तुझं माझ्यावर किती प्रेम आहे? थोरल्या दोघी, गॉनरिल आणि रीगन, तोंडभरून स्तुती करतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते की मुलीचं बापावर जितकं असायला हवं तितकं आहे, त्याहून जास्त नाही. राजा चिडतो, तिला बेदखल करतो. फ्रान्सचा राजा हुंडा न घेता तिच्याशी लग्न करतो. पुढे थोरल्या मुली बापाचा मान एकेक करून काढून घेतात आणि एका वादळी रात्री म्हातारा उघड्यावर पडतो. याला समांतर दुसरं घर आहे, सरदार ग्लॉस्टरचं. त्याला दोन मुलगे, औरस एडगर आणि अनौरस एडमंड. एडमंड कारस्थान करून भावाला परागंदा करतो. वादळाच्या रात्री ग्लॉस्टर गुपचूप राजाला मदत करतो, त्याला डोव्हरच्या बंदराकडे पाठवून देतो. एडमंड बापाचीच चुगली करतो आणि बापाशी आलेला एक पत्रव्यवहार रीगनच्या नवऱ्याच्या, कॉर्नवॉलच्या, हातात ठेवतो.

आता आपला प्रवेश. जागा ग्लॉस्टरचं स्वतःचं घर. कॉर्नवॉल आणि रीगन त्याच्या घरी पाहुणे आहेत. हे पाहुणे यजमानाला त्याच्याच घरात खुर्चीला बांधायला सांगतात. कॉर्नवॉल उघड बोलून दाखवतो की न्यायाची रीतसर प्रक्रिया केल्याशिवाय याला देहदंड देता येणार नाही, पण आपल्या रागापुढे आपली सत्ता वाकेल, आणि लोक नावं ठेवतील तेवढीच, अडवणार कोणी नाही. खटला नाही, साक्ष नाही. मुलीची चुगली नाही तर मुलाची, एक पत्र, आणि एक खुर्ची.

चौकशी सुरू होते. फ्रान्सकडून काय पत्र आलं? राजाला कुठे पाठवलंस? डोव्हरलाच का? तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा. रीगन त्या म्हाताऱ्याची दाढी उपटते. शेवटी ग्लॉस्टर सांगून टाकतो की तुझ्या नखांनी त्या म्हाताऱ्या बापाचे डोळे काढलेले मला बघायचे नव्हते, म्हणून पाठवलं. डोळ्यांचा शब्द त्याच्याच तोंडून निघतो आणि त्याच्यावरच उलटतो. कॉर्नवॉल नोकरांना हुकूम देतो, खुर्ची धरून ठेवा. ग्लॉस्टर जमलेल्यांना हाक मारतो : ज्याला म्हातारं होईपर्यंत जगायचंय अशा कोणी तरी मला मदत करा. उत्तर येत नाही. त्याचा एक डोळा जातो. रीगन म्हणते, दुसराही काढा. आणि इथे एक नोकर कॉर्नवॉलला म्हणतो : थांबा.

या ‘थांबा’कडे जाण्याआधी खुर्चीकडे बघा. हुकूम ‘खुर्ची धरा’ असा आहे, आणि तो नोकरांना दिलेला आहे. कॉर्नवॉल उमराव आहे, तो दोरी बांधत नाही. ग्लॉस्टरचे हात कोणी बांधले? नोकरांनी. खुर्ची कोणी धरली? नोकरांनी. आपला हा नोकर त्यांच्यातलाच आहे. त्याने खुर्ची धरली होती की तो बाजूला उभा होता, हे संहिता सांगत नाही, ते दिग्दर्शकाने ठरवायचं असतं. मला विचाराल तर मी त्याला खुर्ची धरायला लावीन. कारण मग प्रसंगाचा अर्थ खोल होतो. हा कुणी बाहेरून धावत आलेला शूरवीर राहत नाही. पहिला डोळा जाईपर्यंत ज्याने हुकूम पाळला, तोच माणूस दुसऱ्या डोळ्याच्या वेळी हात काढून घेतो. आपण पुष्कळदा म्हणतो, आता काय बोलणार, इतके दिवस आपणही त्यातच होतो ना. हा नोकर त्या युक्तिवादाला भीक घालत नाही. खुर्ची धरलेला हातसुद्धा सोडता येतो.

तो काय म्हणतो ते नीट ऐकण्यासारखं आहे. आधी तो आपली ओळख सांगतो : मी लहानपणापासून तुमची चाकरी करत आलो. पुढे म्हणतो की आज तुम्हाला थांबायला सांगतोय, याहून चांगली सेवा मी तुमची कधीच केलेली नाही. याच्यात तो बंडाची भाषा वापरत नाही. तुमची नोकरी गेली खड्ड्यात असं म्हणत नाही. तो सेवेचीच भाषा बोलतो. आपल्याकडे शब्द आहे, खाल्ल्या मिठाला जागणं. मिठाला जागणं म्हणजे काय? मालक सांगेल ते करणं? की मालकाच्या हातून पाप घडत असेल तर तो हात धरणं? कॉर्नवॉलच्या हिशेबाने हा नोकर नमकहराम आहे. नोकराच्या स्वतःच्या हिशेबाने आयुष्यातली खरी खिदमत त्याने आत्ता केली. सगळं नाटक या दोन हिशेबांच्या मध्ये उभं आहे.

रीगन त्याला कुत्र्याची उपमा देते. त्यावर तो तिला जे सुनावतो त्याचा आशय असा : तुझ्या हनुवटीवर दाढी असती तर या भांडणात मी ती धरून हिसडली असती. वरवर पाहता ही नुसती शिवी वाटते. पण थोड्याच वेळापूर्वी रीगनने ग्लॉस्टरची पांढरी दाढी उपटली होती. घरधन्याच्या दाढीला पाहुण्याने हात घालणं म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला समजावून सांगायला नको, आपल्या घरांतही दाढी म्हणजे इज्जत. कॉर्नवॉलने, रीगनने त्या कृतीची दखलही घेतली नव्हती. या नोकराने घेतली होती. त्याच्या या एका वाक्यातून कळतं की तो पहिल्यापासून सगळं बघत होता, एकेक गोष्ट मनात साठवत होता. खोलीत जो बोलत नाही त्याला काही दिसत नाही, असा मोठ्यांचा समज असतो. शेक्सपिअर दाखवतो की त्यालाच सगळं दिसत असतं.

कॉर्नवॉलला रागापेक्षा आश्चर्य जास्त वाटतं. त्याच्या तोंडून जो शब्द निघतो त्याचे त्या काळी दोन अर्थ होते, जमिनीला बांधलेला कूळ-गुलाम आणि हरामखोर. माझाच गुलाम? तलवारी निघतात. नोकर कॉर्नवॉलला जखमी करतो. रीगन ओरडते की एका गावंढळाची एवढी हिंमत, कुणाकडून तरी तलवार मागून घेते आणि नोकराला मारते. १६०८ सालच्या पहिल्या छापील प्रतीतली रंगसूचना स्पष्ट आहे : ती तलवार घेऊन मागून त्याच्यावर धावते. तलवार तिने कुणाची घेतली हे मात्र लिहिलेलं नाही. नवऱ्याची घेतली असेल. किंवा बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या एखाद्या नोकराची. तसं असेल तर त्याच खोलीत, त्याच क्षणी, त्याच पगारावर दोन माणसं होती. एकाने तलवार उपसली, दुसऱ्याने ती हातातून जाऊ दिली.

आता या गोष्टीतला अवघड भाग. नोकर हरतो. नुसता हरत नाही, मरता मरता तो ग्लॉस्टरला सांगतो की तुमचा एक डोळा शाबूत आहे, याला झालेली इजा बघून घ्या. दिलासा द्यायला म्हणून बोललेलं वाक्य. ते ऐकून कॉर्नवॉल दुसरा डोळाही काढतो. म्हणजे ज्या डोळ्यासाठी त्याने जीव दिला तो डोळा वाचला नाही, उलट त्याच्या वाक्याने कॉर्नवॉलला त्याची आठवण झाली. आणि त्याचं प्रेत? उकिरड्यावर फेका, असा हुकूम सुटतो. ना जनाजा, ना कबर, ना नाव. कुणी लहान मुलांसाठी धैर्याची गोष्ट लिहायला बसला असता तर त्याने असा शेवट केला नसता. शेक्सपिअरने केला, कारण त्याला आपल्याला फसवायचं नव्हतं. अन्यायाविरुद्ध उभं राहिलं की अन्याय थांबतोच, असं तो म्हणत नाही.

मग उपयोग काय झाला? आम्हा इंजिनिअर मंडळींना हा प्रश्न लगेच पडतो. तेव्हा कार्यकारणाची साखळीच तपासू. नोकराने केलेल्या जखमेने कॉर्नवॉल मरतो. ही बातमी पुढच्या अंकात एक निरोप्या, तोही बिननावाचा, गॉनरिलचा नवरा ऑल्बनी याच्याकडे घेऊन येतो. ऑल्बनी तोवर कुंपणावर बसलेला गृहस्थ आहे, बायकोच्या वागण्याचा त्रास होतो पण ठोस काही करत नाही. ही बातमी ऐकून तो म्हणतो की वर न्याय करणारे आहेत तर, आणि ग्लॉस्टरच्या डोळ्यांचा सूड घ्यायची शपथ घेतो. इकडे रीगन विधवा झाली. त्यामुळे ती आणि गॉनरिल दोघी एडमंडसाठी एकमेकींच्या वैरी होतात. गॉनरिल बहिणीला विष घालते आणि शेवटी स्वतःचा जीव घेते. लढाईनंतर सत्ता कॉर्नवॉलच्या हाती जायच्याऐवजी ऑल्बनीच्या हाती जाते. हे सगळं त्या नोकराला माहीत नव्हतं, माहीत होणं शक्यही नव्हतं. जुलमाची अभेद्य वाटणारी युती ज्या ठिकाणी पहिल्यांदा तडकली, ती जागा म्हणजे त्याच्या तलवारीचा वार. तो कुणा राजाने केलेला नाही, फ्रान्सच्या सैन्याने केलेला नाही. फ्रान्सचं सैन्य तर हरतं.

प्रवेश इथे संपत नाही. उमराव आत जातात आणि दोन नोकर मागे राहतात. त्यांनाही नावं नाहीत, दुसरा आणि तिसरा. ते तलवार काढत नाहीत. ते आपसात बोलतात की असल्या माणसाचं भलं होणार असेल तर मग आपणही कसलंही पाप करायला मोकळे. पुढे ठरवतात की म्हाताऱ्याच्या मागे जाऊ, त्याचा हात धरायला त्या वेड्या भिकाऱ्याला गाठू. तिसरा म्हणतो, मी जवसाचा धागा आणि अंड्याचा पांढरा बलक आणतो, चेहऱ्यावरच्या जखमांना लावायला. बस, एवढंच. काही ओळींचं संभाषण.

या ओळींचं पुढे काय झालं ते फार बोलकं आहे. १६०८ च्या प्रतीत त्या आहेत. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर, १६२३ साली त्याच्या नाटकांचा जो मोठा संग्रह निघाला, त्यात त्या नाहीत. १९६२ साली पीटर ब्रूक यांनी इंग्लंडमध्ये ‘लिअर’चा गाजलेला प्रयोग केला, पॉल स्कोफिल्ड त्यात लिअर होते. ब्रूक यांनीही या ओळी कापल्या. त्यांच्या प्रयोगात आंधळा ग्लॉस्टर चाचपडत बाहेर जात असतो, नोकर त्याला धक्के देत आवराआवर करत असतात आणि मध्यंतरासाठी प्रेक्षागृहातले दिवे लागतात. परिणाम भयंकर होता, यात शंका नाही. जगात कणव उरलेलीच नाही असं वाटावं, हाच हेतू होता. पण त्यासाठी काय गाळावं लागलं पाहा : अंड्याचा बलक. जग पूर्ण निर्दय आहे असं सिद्ध करायचं असेल तर शेक्सपिअरच्या नाटकातून दोन नोकर बाहेर काढावे लागतात. मला हा त्या नोकरांचा मोठा विजय वाटतो.

आणि लगेच पुढच्या प्रवेशात आणखी एक माणूस येतो, ऐंशी वर्षांचा म्हातारा, ग्लॉस्टरच्या घराण्याचा जुना कूळ. आंधळ्या मालकाचा हात धरून तो चाललाय. ग्लॉस्टर त्याला जायला सांगतो, तू माझं काही भलं करू शकत नाहीस, उलट तुलाच त्रास होईल. म्हातारा जात नाही, म्हणतो तुम्हाला वाट दिसत नाही ना. वाटेत अंगावर धड कपडा नसलेला वेडा भिकारी भेटतो. तो खरं तर वेषांतर केलेला एडगर आहे, पण म्हाताऱ्याला हे ठाऊक नाही. ग्लॉस्टर सांगतो, याला काहीतरी नेसायला आण. म्हातारा कबूल करतो की माझ्याकडचा सगळ्यात चांगला कपडा आणीन, मग काय व्हायचं ते होवो. जुना फाटका नव्हे, सगळ्यात चांगला. तो जातो आणि पुन्हा दिसत नाही. ‘नटसम्राट’ आठवतं ना? सख्ख्या मुलांनी बेघर केलेल्या अप्पांना जवळ करतो तो बूटपॉलिश करणारा राजा. कुसुमाग्रजांनी लिअरमधून काय उचललं असेल तर ते हेही आहे : वरच्या मजल्यावर माणुसकी संपली की ती खालच्या मजल्यावर शोधावी.

पण खालचा मजला म्हणजे सगळे संत, असा भाबडेपणा शेक्सपिअरकडे नाही. दुसरी बाजूही त्याने तितकीच ठसठशीत लिहिली आहे. ऑस्वल्ड हा गॉनरिलचा कारभारी. त्याला नाव आहे, चांगले कपडे आहेत. बाई म्हणेल ती पूर्वदिशा. बाईने सांगितलं राजाचा अपमान कर, केला. आंधळ्या ग्लॉस्टरला मारलं तर बक्षीस आहे म्हणताच हा तलवार घेऊन धावतो. एडगरच्या हातून मरताना तो काय मागतो? खिशातलं पत्र एडमंडपर्यंत पोचवा. शेवटच्या श्वासापर्यंत निष्ठा. हे खोटं नाही, ती खरीच निष्ठा आहे. म्हणून तर प्रश्न अवघड होतो. निष्ठा स्वतःहून चांगली किंवा वाईट नसते, ती कुणाच्या हातात काय देते यावर सगळं ठरतं.

दुसरा माणूस शेवटच्या अंकातला, सैन्यातला एक कप्तान. तोही बिननावाचा. लिअर आणि कॉर्डेलिया कैद झालेत. एडमंड कप्तानाला एक कागद देतो. त्याला बढती दिली आहे याची आठवण करून देतो, काळ असेल तसं माणसाने असावं असा उपदेश करतो, आणि म्हणतो की या कामात प्रश्न विचारायचे नाहीत : हो म्हण, नाहीतर पोटाचं दुसरीकडे बघ. कप्तान लगेच हो म्हणतो. काम काय आहे हे स्पष्ट सांगितलं जाण्याआधीच. त्याचं एक वाक्य १६०८ च्या प्रतीत आहे. त्याचा आशय असा की गाडी ओढणं आणि सुके ओट खाणं आपल्याला जमणार नाही, माणसाने करण्यासारखं काम असेल तर करू. त्यात गंमत आहे, पण भीतीही आहे. लढाई संपली की सैनिकाला कोण विचारतो? हमाली नशिबी येईल, ही ती भीती. त्याच्या पोटाची चिंता खरी आहे, म्हणून त्याला नुसता राक्षस म्हणून मोकळं होता येत नाही.

त्या कागदात काय होतं हे नंतर कळतं. कॉर्डेलियाला कोठडीत फाशी द्यायचं आणि निराशेपोटी तिनेच जीव घेतला असं जाहीर करायचं. एडमंडला मरता मरता उपरती होते, तो हुकूम मागे घेतो, माणूस धावत जातो. उशीर झालेला असतो. वरचा माणूस बदलला, पण खालचा हात आधीच चालला होता. लिअर मुलीचं प्रेत उचलून घेऊन येतो आणि सांगतो की फास देणाऱ्याला मी मारलं.

आता नोकर आणि कप्तान शेजारी शेजारी उभे करा. दोघांना नावं नाहीत, दोघांच्या वाट्याला मोजक्या ओळी, दोघांच्या डोक्यावर मालक, दोघांसमोर बांधलेला एक असहाय माणूस. नाटकातल्या दोन सर्वांत भयंकर घटना, ग्लॉस्टरचे डोळे आणि कॉर्डेलियाचा मृत्यू, अशाच हातांमधून जातात. हुकूम मोठ्यांचा असतो. पण हुकूम आणि घटना यांच्यामध्ये नेहमी एक लहान माणूस उभा असतो. अशा माणसाला आपण ‘दुय्यम पात्र’ म्हणतो.

नाटकाच्या अगदी पहिल्या प्रवेशात हीच गोष्ट वरच्या थरात घडून गेलेली आहे, तीही लक्षात घ्या. लिअर कॉर्डेलियाला हाकलतो तेव्हा सरदार केंट राजाला अडवतो. त्याचंही म्हणणं हेच की तुम्ही चुकताय, आणि तुम्हाला हे सांगणं माझं कर्तव्य आहे. राजा तलवारीला हात घालतो, पण केंटला शिक्षा मिळते ती हद्दपारीची. तेच नोकराने केलं, तर पाठीत तलवार आणि उकिरडा. सत्य एकच, किंमत मात्र माणसाच्या पायरीप्रमाणे वेगळी. म्हणून खालच्या पायरीवरून उच्चारलेल्या ‘थांबा’चं वजन जास्त धरावं.

हे नाटक २६ डिसेंबर १६०६ ला लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात, खुद्द राजा पहिला जेम्स याच्यासमोर झालं. राजाची सत्ता ईश्वरदत्त असते असं ग्रंथ लिहून सांगणारा हा राजा. वर्षभरापूर्वीच, नोव्हेंबर १६०५ मध्ये, पार्लमेंट दारूगोळ्याने उडवण्याचा कट उघड झाला होता आणि पकडलेल्या गाय फॉक्सला यातना देऊन बोलतं करायला जेम्सनेच परवानगी दिली होती. त्या राजासमोर, नाताळच्या सुट्टीत, एका नटाने नोकराच्या वेषात उमरावावर तलवार उपसली. राजाच्या मनात काय आलं असेल याचा अंदाज करण्यात अर्थ नाही. मला वेगळ्याच लोकांबद्दल कुतूहल आहे. त्या दालनात खुर्च्या लावणारे, मेणबत्त्या पेटवणारे, मद्य आणून देणारे खरे नोकरही असणार. भिंतीला टेकून त्यांनीही तो प्रवेश पाहिला असेल.

मित्रमैत्रिणींनो, माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो आणि संपवत आणतो. आमच्या क्षेत्रात कुणी डोळे काढत नाही. आमच्याकडे याद्या काढतात. वरून कुणीतरी म्हणतं, अमुक प्रकारच्या लोकांची यादी काढा, अमुक भागातल्या ग्राहकांना वगळा. ते प्रत्यक्षात आणणारा चार ओळींचा कोड टेबलावर बसलेली एखादी पोरगी किंवा पोरगा लिहितो. एका ठिकाणी आमच्या बैठकीत नुकतीच रुजू झालेली एक मुलगी म्हणाली, ही माहिती घ्यायला लोकांची परवानगी घेतली आहे का? ती नसेल तर पुढे कंपनीचंच नुकसान होईल. आवाज मोठा नव्हता. बैठकीत शांतता झाली, विषय पुढच्या आठवड्यावर गेला आणि मग बारगळला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने केलं ते त्या नोकराच्या धैर्याच्या तुलनेत फार लहान, पण रीत तीच : तुमच्या भल्यासाठीच सांगते, थांबा.

ही रीत शिकण्यासारखी आहे. बाहेरच्यावर टीका करायला फारसं काही लागत नाही. आपल्या घरात, आपल्या मोहल्ल्यात, आपल्या संघटनेत, आपल्या कंपनीत, आपल्या देशात हात उगारला जातो तेव्हा ‘आपला’ म्हणून तो हात धरणं कठीण असतं. लगेच विचारलं जातं, तू कुणाच्या बाजूचा? नोकराकडे त्याचं उत्तर आहे. मी लहानपणापासून तुमचाच आहे, म्हणूनच थांबवतोय. आणि प्रत्येकाला तलवार काढता येणार नाही, हेही नाटकाला ठाऊक आहे. म्हणून तिथे दुसरा आणि तिसरा नोकर आहे. जखम झालेल्याकडे बलक घेऊन जाणं, वाट न दिसणाऱ्याचा हात धरणं, आपल्याकडचा चांगला कपडा काढून देणं, हेही त्याच बाजूचं काम. फक्त एका बाबतीत नाटक सवलत देत नाही : मी काय, नुसती खुर्ची धरली होती.

आता दुपारच्या गटकार्यासाठी एक सुचवतो. तिसऱ्या अंकातला हा सातवा प्रवेश प्रत्येक गटाने मोठ्याने वाचा. लिअर यात नाही, त्यामुळे मोठ्या भूमिकेसाठी भांडण होणार नाही. एकाला खुर्चीवर बसवा. दोघातिघांनी खुर्ची खरोखर धरा, वाचन संपेपर्यंत सोडू नका, फक्त पहिल्या नोकराची भूमिका करणाऱ्याने त्याची वेळ आली की सोडायची. १६०८ च्या प्रतीतल्या दोन नोकरांच्या ओळी गाळू नका. वाचून झालं की कॉर्नवॉल किंवा रीगन झालेल्यांना काही विचारू नका. ज्यांनी खुर्ची धरली होती त्यांना विचारा, पहिली हाक ऐकू आली तेव्हा हातांना काय वाटलं. चर्चा तिथून सुरू करू.